दिवाळीच्या सुट्टीत कलासंग्रहालयात चित्रपट आणि कार्यक्रम कसे आखावेत

खान्देशात कलासंग्रहालये मोजकीच आहेत, आणि जी आहेत त्यांच्या दारावरून वर्षानुवर्षे जाणाऱ्या माणसांनाही आत काय आहे याची कल्पना अनेकदा नसते. चाळीसगावला रेल्वे स्थानकाजवळच्या बंगल्यात छायाचित्रकार केकी मूस यांनी आयुष्यभर जमवलेली आणि घडवलेली कलासृष्टी आहे, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रह आहे, आणि यांखेरीज तालुक्याच्या गावांतून एखाद्या शाळेने, वाचनालयाने किंवा कलाशिक्षकाने उभे केलेले लहानसे कलादालन असते. हा लेख मुख्यतः अशा लहान दालनांसाठी आहे, जिथे पगारी माणूस एखादाच असतो आणि बाकीची कामे गावातील स्वयंसेवक करतात. सुट्टीच्या दिवसांत अशा ठिकाणी चित्रपट आणि इतर कार्यक्रम ठेवावेत असे अनेकांना वाटते, परंतु नेमके कुठून सुरुवात करावी हे ठाऊक नसल्याने उत्साह एका संध्याकाळीच संपतो. गेली काही वर्षे आमच्या गावातील दालनासाठी ही कामे केल्यानंतर जे हाती लागले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. संग्रहालय हे चित्रपटगृह नाही. लोकांना केवळ चित्रपट पाहायचा असेल तर तो त्यांच्या खिशातील मोबाईलवर उपलब्ध आहे. त्यासाठी ते थंडीत पटांगणात येऊन बसणार नाहीत. म्हणून कार्यक्रम निवडताना पहिला प्रश्न असा असावा, की आपल्या भिंतीवर काय आहे? जे भिंतीवर आहे त्याच्याकडे पाहण्याची ओढ पडद्यामुळे निर्माण झाली, तरच त्या पडद्याला तेथे जागा आहे. निवड, वेळ, बैठक आणि प्रकाश यांविषयीचे पुढील सर्व निर्णय याच एका प्रश्नावरून सोपे होत जातात.

तारीख ठरवताना

दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, आणि शाळांची सुट्टी त्याप्रमाणे पुढेमागे होते. म्हणून मागील वर्षाच्या तारखा गृहीत न धरता जिल्हा परिषदेच्या शाळांचे सुट्ट्यांचे पत्रक आधी मिळवावे. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत सायंकाळचा कोणताही कार्यक्रम ठेवू नये. एका वर्षी आम्ही हौसेने पाडव्याच्या संध्याकाळी चित्रपट ठेवला होता. शंभर सतरंज्या आणि खुर्च्या मांडल्या आणि बारा माणसे आली, कारण त्या संध्याकाळी प्रत्येक घरी औक्षण होते. ती चूक आमची होती, लोकांची नव्हती.

खरा हंगाम भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून शाळा उघडेपर्यंतचा असतो. सुरत, नाशिक, पुणे, मुंबई येथे कामाला असलेली मंडळी गावी आलेली असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि आजोळी आलेल्या भाच्यांना दुपारनंतर काय करावे हा प्रश्न पडलेला असतो. तीन पिढ्या एकत्र घराबाहेर पडतील असे दिवस वर्षात याखेरीज फारसे नसतात. मात्र हाच काळ कापूस वेचणीचा आणि रब्बीच्या पेरणीचा असतो हे विसरू नये. आसपासच्या खेड्यांतील बायामाणसे दिवसभर शेतात असतात, त्यांनी यावे असे वाटत असेल तर दुपारचा कार्यक्रम निरुपयोगी आहे, आणि गावच्या आठवडे बाजाराचा दिवसही टाळला पाहिजे. जळगाव परिसरात कार्तिकी एकादशीला रथोत्सव असतो, त्या दिवशी दुसरे काही ठेवण्यात अर्थ नाही.

नाताळाच्या सुमारास दुसरा हंगाम येतो. त्या वेळी खान्देशातील थंडी खरोखर बोचरी असते आणि उघड्यावर दोन तास बसणे वृद्धांना व लहान मुलांना सोसत नाही, म्हणून डिसेंबरातील चित्रपट बंदिस्त सभागृहात किंवा निदान तिन्ही बाजूंनी कनाती लावलेल्या जागेत ठेवावा. दोन्ही हंगामांत आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पावणेसातपर्यंत पुरेसा अंधार होतो, त्यामुळे सातला चित्रपट सुरू करता येतो आणि तो साडेनऊच्या आत संपवता येतो.

काय दाखवावे

चित्रकला आणि मराठी चित्रपट यांचे नाते इतके जुने आहे, की संग्रहालयाला निवडीसाठी लांब जावे लागत नाही. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी छायाचित्रणाचा आणि छपाईचा व्यवसाय केला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांच्या नावातच त्यांचा मूळ धंदा आहे. १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करणाऱ्या दामले आणि फत्तेलाल या जोडीचा हातही नेपथ्याच्या रंगकामावर बसलेला होता. ज्या दालनात जुनी तैलचित्रे, नाटकांचे पडदे किंवा देवदेवतांच्या छापील तसबिरी आहेत, तेथे या काळातील एखादा चित्रपट दाखवला, तर प्रेक्षकांना पडद्यावरील महाल आणि भिंतीवरील महाल एकाच हाताचे वाटू लागतात. हा अनुभव पुस्तक वाचून येत नाही.

आधुनिक चित्रे असलेल्या दालनाने चित्रकारांवरील किंवा चित्रकारांनी केलेले लघुपट निवडावेत. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी १९६७ साली फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेसाठी राजस्थानात चित्रित केलेल्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल हा पुरस्कार मिळाला होता. त्यात कथानक नाही. छत्री, कंदील, चप्पल, गाय अशा साध्या गोष्टी एकामागून एक येतात. आमचा अनुभव असा, की मोठ्या माणसांना तो सुरुवातीला अवघड वाटतो आणि मुलांना मुळीच वाटत नाही. सत्यजित राय यांचा १९७२ मधील ‘द इनर आय’ हा दृष्टी गमावलेल्या चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावरील लघुपट मात्र सर्व वयाच्या प्रेक्षकांना धरून ठेवतो.

लांबीचा विचार कठोरपणे करावा. तीन संध्याकाळींचा कार्यक्रम असेल तर एकच पूर्ण लांबीचा चित्रपट पुरेसा आहे, उरलेल्या दोन दिवशी पाऊण तासाच्या आत संपणारे लघुपट ठेवून नंतर दालन उघडे ठेवावे. मुलांच्या दिवशी इंग्रजी किंवा बंगाली उपशीर्षकांवर अवलंबून राहू नये. कोणीतरी माईकवर मध्येमध्ये दोन वाक्यांत मराठीतून किंवा अहिराणीतून सांगत राहिले तर मूकपटही मुले शांतपणे पाहतात. अहिराणीतून सांगण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. ‘या, बठा’ एवढे दोन शब्द कानावर पडले, की संग्रहालय ही साहेबलोकांची जागा आहे हा संकोच खेड्यातून आलेल्या आजीच्या चेहऱ्यावरून उतरताना मी अनेकदा पाहिला आहे.

हक्क आणि परवानग्या

येथे बहुतेक लहान संस्था निष्काळजी राहतात. घरच्या वापरासाठी घेतलेले ओटीटीचे सभासदत्व किंवा विकत घेतलेली डीव्हीडी यांमुळे सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही, आणि प्रवेश विनामूल्य ठेवला म्हणून तो आपोआप मिळतो असेही नाही. कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थांना एक सवलत आहे, परंतु तीत प्रेक्षक हे त्या संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे एवढेच असावे लागतात. गावाला खुले आमंत्रण देणाऱ्या संग्रहालयाला ती लागू होत नाही.

भारतात चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. हे ऐकून जुना चित्रपट म्हणजे मुक्त चित्रपट असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. ‘श्यामची आई’ हा आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट घ्या. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे खान्देशातील कोणत्याही संस्थेला तो दाखवावासा वाटणे स्वाभाविक आहे. चित्रपटावरील हक्काची मुदत २०१३ अखेर संपली. गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून मूळ पुस्तकावरील हक्कही २०१० अखेर संपला. परंतु लेखकाच्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो, आणि अत्रे १९६९ मध्ये गेले. म्हणजे त्यांनी लिहिलेल्या मजकुरावरील हक्काची मुदत २०२९ अखेरपर्यंत जाते. गाणी आणि संगीत यांचा हिशेब आणखी वेगळा. म्हणून सरळ मार्ग असा, की निर्मात्याला किंवा त्यांच्या वारसांना पत्र पाठवावे, दिनांक, ठिकाण, अंदाजे प्रेक्षकसंख्या आणि प्रवेश विनामूल्य असल्याचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि लेखी होकार हाती आल्याशिवाय चित्रपटाचे नाव पत्रकावर छापू नये. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट आणि पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा कारभार आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे, त्यामुळे त्या चित्रपटांसाठी पत्र तेथे पाठवावे. उत्तर यायला वेळ लागतो. दिवाळीच्या कार्यक्रमाचे पत्र श्रावणातच गेलेले बरे.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र असावे लागते. ‘यू’ प्रमाणपत्राचा चित्रपट निवडला की प्रश्न मिटतो; २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ गटाचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन भाग झाले आहेत, ते आमंत्रणावर छापावेत म्हणजे पालकांना निर्णय घेता येतो. स्थानिक दिग्दर्शकाचा प्रमाणपत्र नसलेला लघुपट दाखवण्याचा मोह आवरावा. तहसील कार्यालय, नगरपालिका आणि पोलीस ठाणे यांना किमान पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्यावा, आपल्या जागेसाठी कोणकोणते परवाने लागतील हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे आणि पोच घेतलेली प्रत कार्यक्रमाच्या दिवशी जवळ ठेवावी. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर उघड्यावर वाजवता येत नाही. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर तो परिसर शांतता क्षेत्राचा भाग ठरतो, आणि अशा वेळी कार्यक्रम बंदिस्त सभागृहातच घ्यावा.

पडदा, प्रकाश आणि आवाज

बैठक चित्रांच्या दालनात कधीही करू नये. शंभर माणसे दोन तास एका खोलीत बसली की त्यांच्या श्वासाने उष्णता आणि दमटपणा वाढतो, आणि पावसाळा संपून हवा कोरडी होत असताना होणारा हा चढउतार कागदावरील चित्रांना आणि कॅनव्हासला बाधतो. पटांगण, ओसरी किंवा स्वतंत्र सभागृह हीच जागा योग्य.

शंभर ते सव्वाशे माणसांसाठी बारा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच पडदा पुरतो. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीहून लांब नसावी, म्हणजे सुमारे चाळीस फूट. पहिली रांग निदान पडद्याच्या रुंदीइतकी मागे असावी. पुढे सतरंज्यांवर मुले, त्यांच्यामागे खुर्च्या, आणि अगदी मागे हात टेकायला जागा असलेल्या खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, अशी मांडणी केली तर पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवून सर्वांना दिसते. मधोमध आणि दोन्ही बाजूंना माणूस सहज जाईल एवढी वाट सोडावी. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी वाटेला लागून दोन जागा मोकळ्या राहाव्यात.

तयार पडदा भाड्याने मिळाला नाही तर घट्ट विणीचे पांढरे मांजरपाट कापड घेऊन शिंप्याकडून चारही कडांना चार बोटे रुंदीची काळी पट्टी लावून घ्यावी. या पट्टीने चित्र उठावदार दिसते. कापड उघड्यावर शिडासारखे वारा धरते, म्हणून ते मंडपवाल्याच्या लोखंडी चौकटीत दर फुटावर दोरीने ताणून बांधावे आणि चौकटीच्या पायांवर वाळूची पोती ठेवावीत. संग्रहालयाच्या भिंतीत खिळे मारू नयेत. भिंतीच्या पलीकडे कोणते चित्र टांगले आहे हे मंडपवाल्याला माहीत नसते.

प्रोजेक्टर घेताना त्याची प्रकाशक्षमता लुमेनमध्ये किती आहे हे विचारावे. पूर्ण अंधाऱ्या सभागृहात एवढ्या पडद्याला दीड-दोन हजार लुमेन चालतात; रस्त्यावरचे दिवे आणि शेजारच्या घरांचे आकाशकंदील असलेल्या पटांगणात चार हजारांच्या खाली जाऊ नये. एकदा आम्हाला भाड्याने आलेले यंत्र वर्गात तक्ते दाखवण्यापुरतेच होते, आणि चित्रपटातील रात्रीचे सर्व प्रसंग प्रेक्षकांनी केवळ ऐकले. तेव्हापासून आम्ही यंत्र आदल्या दिवशी, त्याच जागी, त्याच वेळी, त्याच चित्रपटातील सर्वांत अंधाऱ्या प्रसंगावर तपासतो. सर्वसाधारण यंत्राला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागते, म्हणजे बारा फुटांसाठी अठरा फूट. याचा अर्थ यंत्र प्रेक्षकांच्या मधोमध येते, म्हणून त्याच्यासाठी उंच, न हलणारा टेबल आणि भोवती कठडा हवा.

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे दोन शत्रू हमखास येतात. पहिला, दिव्याभोवती जमणारे तुडतुडे आणि बारीक किडे. ते प्रोजेक्टरच्या झोतात शिरले की पडद्यावर पाखरांएवढे दिसतात. यंत्रापासून पंचवीस-तीस फूट दूर, पटांगणाच्या कोपऱ्यात एक प्रखर पांढरा दिवा सुरू ठेवला तर त्यांतील बरेचसे तिकडे जातात. दुसरा शत्रू दव. रात्री आठनंतर उघड्यावरच्या प्रत्येक वस्तूवर ते बसू लागते, आणि यंत्र, तारांचे जोड, ध्वनिक्षेपकाचा मिक्सर यांवर छत्री किंवा छोटे छप्पर नसेल तर नुकसान ठरलेले आहे. छप्पर वरून असावे. बाजूंनी यंत्र झाकू नये, कारण त्याला थंड हवा लागते.

वीज केव्हाही जाऊ शकते हे गृहीत धरूनच मांडणी करावी. दिव्याच्या प्रोजेक्टरला बंद होताना पंख्याने थंड व्हावे लागते आणि अचानक वीज गेल्यास दिवा निकामी होण्याचा संभव असतो, म्हणून यंत्र आणि लॅपटॉप यूपीएसवर ठेवावेत, जनरेटर असेल तर तो इमारतीच्या पलीकडच्या बाजूला, धूर आणि आवाज प्रेक्षकांपर्यंत व दालनाच्या खिडक्यांपर्यंत येणार नाही असा ठेवावा. चित्रपटाची प्रत लॅपटॉपवर आणि दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर असावी. लॅपटॉपचे आपोआप झोपी जाणे आणि सूचनांचे आवाज आधीच बंद करावेत.

आवाजाविषयी एकच सांगतो. आपल्याकडे मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज असा समज असतो, आणि भाड्याचे ध्वनिक्षेपक लग्नाच्या वरातीच्या सवयीने लावले जातात. चित्रपटात संवाद कळणे महत्त्वाचे. दोन ध्वनिक्षेपक पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर ठेवावेत, घुमारा कमी करावा, आणि शेवटच्या रांगेत एखाद्या वृद्ध गृहस्थांना बसवून त्यांना शब्द कळतात का हे विचारावे.

चित्रांची काळजी

रॉबर्ट गिल नावाच्या मद्रास सैन्यातील अधिकाऱ्याने १८४४ पासून कित्येक वर्षे अजिंठ्यात राहून लेण्यांतील चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनासाठी ठेवल्या होत्या, आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळात आहे. सणाच्या दिवसांत संग्रहालयाच्या दारात कोणी पणती घेऊन येते तेव्हा मला या माणसाची आठवण होते, आणि मी ती पणती हात जोडून अंगणातील तुळशीपाशी ठेवायला सांगतो.

दालनाच्या आत पणती, उदबत्ती, मेणबत्ती आणि धूप यांना पूर्ण मनाई असावी. धुराचा थर चित्रावर हळूहळू बसतो आणि तो काढण्यासाठी तज्ज्ञ लागतो. रांगोळीची भुकटी पायांनी आत येऊन चौकटींच्या खाचांत साठते, म्हणून रांगोळी फाटकापाशी काढावी आणि दाराशी ओलसर पायपुसणे ठेवावे. झेंडूच्या माळा शोभतात खऱ्या, पण त्यांच्यातून किडे आत येतात आणि ओल्या पाकळ्यांचा डाग कागदावरून जात नाही. त्यांना ओसरीच्या खांबांपर्यंतच येऊ द्यावे. फराळाचेही तसेच. चिवड्याच्या सांडलेल्या कणांमागून मुंग्या आणि झुरळे येतात, त्यानंतर कसर लागायला वेळ लागत नाही. डिसेंबरात भरीत-पुरीचा बेत करण्याचा आग्रह होतोच, आणि तो मोडावा असेही मला वाटत नाही. फक्त कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजण्याचे काम मळ्यात उरकून तयार भरीत पटांगणात आणावे.

कागदावरील जलरंगचित्रे आणि छायाचित्रे यांच्यावर साधारण पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) अधिक प्रकाश पडू नये असा संग्रहालयांत संकेत आहे. कार्यक्रमासाठी दालनात जादा दिवे लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. एका वेळी पंधरा-वीस माणसांनाच आत सोडावे, पिशव्या बाहेर ठेवून घ्याव्यात, आणि प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक उभा करावा, ज्याला त्या खोलीतील निदान दोन चित्रांविषयी काही सांगता येईल. केवळ ‘हात लावू नका’ म्हणणारा स्वयंसेवक लोकांना नकोसा होतो.

अग्निशामक नळकांडी विजेच्या आगीला चालणारी असावीत, एक यंत्राजवळ आणि एक दालनाच्या दाराशी. मुदत तपासून घ्यावी आणि ती वापरता येणारी दोन माणसे हजर असावीत. पटांगणातील गवत आठवडाभर आधी कापून घ्यावे, कारण पावसाळ्यानंतर त्यात विंचू-साप निघण्याची भीती असते.

मुलांचा दिवस

केकी मूस यांची ‘टेबल टॉप’ छायाचित्रे पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल, की टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंमधून त्यांनी विस्तीर्ण निसर्गदृश्ये उभी केली होती. पाहणाऱ्याला ती खरी वाटतात. मुलांच्या कार्यशाळेसाठी याहून उत्तम विषय मला सापडलेला नाही, आणि त्याला खर्चही नाही. सकाळी नऊ ते बारा असा वेळ ठेवावा, आठ ते चौदा वर्षांची तीसच मुले घ्यावीत, आणि पाच-पाच मुलांना एक टेबल द्यावे. सोबत आणायच्या वस्तूंची यादी आदल्या दिवशी द्यावी: मूठभर सरकी काढलेला कापूस, गिरणेची किंवा तापीची वाळू, वाळलेल्या काटक्या, काळे किंवा निळे कापड, स्टीलचे ताट (आरशाचा तुकडा नको), आणि एक बॅटरी.

कापसाचे ढग किंवा धुके होते, वाळूची टेकडी, ताटाचे तळे, काटकीचे झाड. खोलीच्या खिडक्या झाकून एकाच बाजूने, खालच्या कोनातून बॅटरीचा प्रकाश टाकायला सांगावे. सावल्या लांब पडल्या की टेबल अचानक माळरान होते. मोबाईलचा कॅमेरा टेबलाच्या पातळीवर, जवळजवळ टेकवून धरावा, कारण वरून काढलेल्या छायाचित्रात सगळी फसवणूक उघडी पडते. बॅटरीवर पिवळा जिलेटिन कागद लावला की तीच जागा सायंकाळची होते. मोठ्यांनी हात लावू नये, हा या कार्यशाळेचा एकमेव नियम आम्ही पालकांसाठी ठेवला आहे. त्याच दिवशी सायंकाळी, मुख्य चित्रपटाच्या आधी, मुलांची छायाचित्रे त्यांच्या नावांसह पडद्यावर दाखवावीत. आपल्या नातवाचे नाव बारा फुटांच्या पडद्यावर पाहायला संपूर्ण घर येते, आणि एकदा आलेले घर पुढच्या वर्षीही येते.

सकाळच्या वेळी आणखी दोन गोष्टी शोभतात. एक, पटांगणातील दिवाळी पहाट; तीत स्थानिक गायकांना बोलवावे आणि कार्यक्रम संपताच दालन उघडावे. दुसरी, जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे प्रदर्शन. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, आणि चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ पासून ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांतून चित्रकला घराघरांत पोहोचवली. असे अंक आपल्या गावातील माळ्यांवर, वाचनालयांच्या कपाटांत पडून आहेत. ते पंधरा दिवसांच्या बोलीवर, पावती देऊन मागून घ्यावेत, काचेच्या पेटीत सपाट ठेवावेत, आणि घरी परत करताना अंकाच्या मालकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी.

प्रत्यक्ष संध्याकाळ

प्रसिद्धीसाठी मोठ्या फलकांवर खर्च करू नये. एस. टी. स्थानक, किराणा दुकान, पिठाची गिरणी, दूध डेअरी आणि शाळेचा व्हॉट्सअॅप गट एवढ्या जागी एक पानी पत्रक पोहोचले की काम होते. त्यात वेळ, चित्रपटाची लांबी, भाषा, बसण्याची सोय आणि ‘थंडीचे कपडे आणावेत’ ही सूचना ठळक असावी. खर्चासाठी दाराशी दानपेटी ठेवता येते, परंतु हक्काचे पत्र विनामूल्य प्रदर्शनासाठी मिळाले असेल तर तिकीट लावू नये, आणि पेटीही प्रवेशाच्या वाटेत नसावी.

दालन सहा वाजता उघडावे. साडेसहाला बैठक सुरू व्हावी, सातला पाच मिनिटे कमी असताना यजमानांनी बोलावे, आणि बोलणे पाच मिनिटांतच संपावे. सत्कार, शाल, श्रीफळ आणि मान्यवरांची भाषणे यांनी आमच्या पहिल्या वर्षी पाऊण तास घेतला होता. मुले तोपर्यंत झोपली. आता सत्कार दुसऱ्या दिवशी सकाळी करतो. त्या पाच मिनिटांत चित्रपटाची गोष्ट सांगू नये. त्याऐवजी आपल्या दालनातील एका चित्राचे नाव घ्यावे आणि पाहताना एकच गोष्ट शोधायला सांगावी: या चित्रातील खिडकी आज पडद्यावर कुठे दिसते ते पाहा, किंवा या चित्रातील प्रकाश डावीकडून येतो, तसा प्रकाश चित्रपटात केव्हा येतो ते लक्षात ठेवा.

चित्रपट संपल्यावर एकदम सर्व दिवे लावू नयेत. आधी वाटेवरचे मंद दिवे, मग बाकीचे. दालन आणखी अर्धा तास उघडे आहे हे माईकवरून सांगावे आणि ज्या चित्राचा उल्लेख केला होता त्याच्यासमोर एक जाणकार माणूस उभा ठेवावा. सगळे आत जाणार नाहीत. शंभरांतील तीसजण गेले तरी ती संध्याकाळ साधली असे मी समजतो, कारण ते तीसजण प्रश्न घेऊन गेलेले असतात.

लोक गेल्यावर यंत्राचा पंखा थांबेपर्यंत त्याला हात लावू नये, दालनातील प्रत्येक चित्र नोंदवहीतील यादीप्रमाणे एकदा पाहून सही करावी, आणि दिवे बंद करण्याचे काम एकाच माणसाकडे असावे. पडद्याचे कापड दवाने ओले झालेले असते, ते तसेच घडी करून ठेवले तर आठवड्यात त्यावर बुरशीचे ठिपके उमटतात. म्हणून रात्री ओसरीत सैल पसरून ठेवावे, दुसऱ्या दिवशी उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावे आणि मगच गुंडाळून, घडी न घालता, बांबूवर ठेवावे.